थंडीत ट्रॅक्टर उशिरा सुरू होणे म्हणजे कॉम्प्रेशन जाणे नव्हे

हिवाळ्यात ट्रॅक्टर पांढरा धूर सोडत उशिरा सुरू झाला की कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवेवर पडणारा दाब) गेले, आता इंजिन खोलावेच लागणार, असा समज पुणे जिल्ह्यात, विशेषतः जुन्नरच्या थंड पट्ट्यात, ऐकू येतो. त्यात तथ्यांश आहे: डिझेल ठिणगीने नव्हे, तर दाबाने तापलेल्या हवेत पेटते. मात्र अशक्त बॅटरीमुळे इंजिन सावकाश फिरले, डिझेलच्या नळीत हवा शिरली किंवा नोझल नीट फवारत नसेल, तरी हीच लक्षणे दिसतात.

खात्री करायची तर बॅटरी व एअर फिल्टर ठीक असल्याचे पाहून, इंजिन गरम करून बंद करावे, डिझेलचा पुरवठा तोडावा, नोझलच्या जागी दाब मोजणारा गेज बसवून सेल्फ मारावा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यावा. पेट्रोल इंजिनाचा गेज येथे वापरू नये. डिझेल इंजिनातील दाब सहसा ३५० ते ५०० पीएसआय (दाबाचे एकक) असतो आणि तो पेट्रोलच्या गेजला झेपत नाही. आकडे इंजिनाच्या पुस्तिकेशी व एकमेकांशी ताडावेत. एकच सिलिंडर मागे असेल, तर पिस्टनच्या रिंगांना दोष देण्याआधी व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट पाहावेत (हे बहुधा राहूनच जाते), कारण टॅपेट घट्ट असल्यास व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही व दाब निसटतो.