पाळीचा हिशेब मेंदू ठेवतो

नवरात्रात कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला निघालेली शेजारची वहिनी आनंदाने म्हणाली, "यंदा पाळीचा अडसर नाही. दोन महिने झाले, आलीच नाही!" वय 29, गरोदर नाही. उन्हाळ्यापासून तिचं '16:8' सुरू होतं, म्हणजे सोळा तास उपाशी, आठ तासांत खाणं. दुपारी 12 ते रात्री 8 एवढ्यातच खायचं, आणि पहाटे उपाशीपोटी नागपूरच्या अंबाझरी तलावावर तासभर झपाझप चालायचं. वजन नऊ किलोंनी उतरलेलं. तिला ही देवीची कृपा वाटली, मला मात्र धास्ती वाटली. पाळीला विटाळ समजण्याची सवय इतकी खोल मुरली आहे की ती बंद पडली तरी आपण खूश होतो.

पाळीचा कारभार अंडाशयातून चालतो असं आपण शाळेत शिकलो. खरी सूत्रं मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये असतात. तिथल्या जेमतेम एक-दोन हजार चेतापेशी 'जीएनआरएच' नावाचं संप्रेरक सोडतात. गंमत अशी, की ते धारेनं नव्हे, ठोक्याठोक्यानं सुटतं. पाळीचक्राच्या पहिल्या पंधरवड्यात साधारण 60 ते 90 मिनिटांनी एक ठोका. प्रत्येक ठोक्याला मेंदूखालची पिच्युटरी ग्रंथी एलएच नावाचं दुसरं संप्रेरक सोडते, आणि त्यावर अंडाशय चालतं. 1978 साली पिट्सबर्गमध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटानं माकडिणींवर हे दाखवलं. स्वतःचं जीएनआरएच बंद पडलेल्या माकडिणींना ते तासातासाने दिलं की पिच्युटरी काम करू लागायची, सलग देत राहिलं की ठप्प व्हायची. औषध तेच, फरक फक्त तालाचा! मला तर हा शरीरशास्त्रातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

हा ताल ठरवताना मेंदू शरीराची शिल्लक बघतो. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात, ते 1994 मध्ये सापडलं. खाणं घटलं की लेप्टिन झपाट्याने उतरतं, चरबी उतरण्याच्या कितीतरी आधी. ही खबर जीएनआरएच पेशींना बऱ्याच अंशी मधल्या पेशींकडून मिळते. किसपेप्टिन नावाचं निरोप्या रसायन बनवणाऱ्या पेशी त्यांतल्या प्रमुख. खबर वाईट असेल तर ठोके विरळ होतात, अंडं पिकत नाही, इस्ट्रोजेन घटतं. इस्ट्रोजेन घटलं की हाडंही झिजू लागतात.

शिल्लक किती हवी? संशोधक अ‍ॅन लाउक्स यांनी 2003 साली नियमित पाळी असलेल्या तरुणींवर हे मोजलं. व्यायामाचा खर्च वजा जाता, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे रोज 30 कॅलरींपेक्षा कमी उरल्या, तर पाच दिवसांत एलएचचे ठोके मंदावले. वहिनीचा हिशेब मांडू. चरबी वगळता वजन 38 किलो धरलं तर किमान 1140 कॅलरी उरायला हव्यात. ती खात होती जेमतेम 1200, आणि चालण्यात 250 जात होत्या. उरल्या 950, म्हणजे किलोमागे 25.

म्हणजे दोष घड्याळाचा नाही, तुटीचा आहे. ग्वांगझूमधल्या 139 लठ्ठ व्यक्तींवरच्या वर्षभराच्या चाचणीत (2022) कॅलरी सारख्याच कमी केल्यावर, आठ तासांत खाणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा विशेष जास्त उतरलं नाही. ज्यांच्या पीसीओएसमागे (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) वाढलेलं वजन आणि इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणं आहे, त्यांची पाळी वजन थोडं उतरल्यावर उलट सुरळीत होऊ शकते. सडपातळ, कष्टाळू बाईचं गणित वेगळं. गरोदर, अंगावर पाजणारी किंवा मधुमेहाची औषधं घेणारी यांनी तर हा प्रयोग आपल्या मनानं करूच नये. आणि 'उपासानं विषं बाहेर पडतात' हे ऐकून कुणी भुलू नये. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात, जेवूनही.

आजीच्या उपासाचा दाखला लोक देतात. पण तो आठवड्यातून एखादा, आणि त्यात साबुदाण्याची उसळ, भगर, दाण्याची आमटी असायची. रोजच्या रोज भूक मोबाइलच्या गजराच्या हवाली करणं निराळं. वहिनी अकरा वाजल्यापासून घड्याळ बघायची, बाराला पोळ्यांवर तुटून पडायची, आणि चुकून सव्वाआठला घास गेला तर रडायची. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या आपल्या घरांत, जिथे 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, तिथे या शिस्तीचं कौतुकही फार होतं.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासण्या केल्या, आणि पहिलं काम सांगितलं ते सकाळच्या खाण्याचं. आता ती फिरून आली की आठला पोहे खाते, वर मूठभर शेंगदाणे. पाळी परतायला चार महिने लागले.