अमेरिकन साहित्याचा आरंभकाळ आणि त्याची वैचारिक मुळे

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील इंग्रज वसाहतींत सतराव्या व अठराव्या शतकांत झालेले लेखन. मूलनिवासी समाजांच्या उत्पत्तिकथा, गाणी आणि सभांमधली वक्तृत्वपरंपरा याहून कितीतरी जुनी आहे. पण ती लिहून घ्यायला फार उशीर झाला आणि बरीचशी सांगणाऱ्यांबरोबरच गेली. तेव्हा ‘आरंभ’ हा शब्द इथे इंग्रजी लेखनापुरताच घ्यावा.

जेम्सटाउनची वसाहत १६०७ची. पुढच्याच वर्षी कॅप्टन जॉन स्मिथ यांनी लिहिलेली तिथली हकीकत लंडनमध्ये छापली गेली. मात्र या साहित्याला वळण लावले ते उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडने. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून प्लिमथला आलेले आणि १६३०पासून मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत स्थायिक झालेले लोक प्युरिटन, म्हणजे कडक आचरणाचे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होते आणि कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या शिकवणीत वाढले होते. कोणाचा उद्धार होणार हे देवाने आधीच ठरवले आहे, माणसाच्या हाती फक्त त्याच्या खुणा शोधणे आहे, अशी त्यांची श्रद्धा. या खुणा शोधायच्या तर रोजच्या वागण्याचा जमाखर्च मांडायला हवा. म्हणून रोजनिशी, आत्मकथन, वसाहतीचा इतिहास हे त्यांचे खास लेखनप्रकार झाले. स्वतःला कागदावर तपासून पाहण्याची ही सवय हेच या साहित्याचे सर्वांत खोल मूळ होय.

बायबल प्रत्येकाला वाचता यावे, या आग्रहापोटी शिक्षणही लवकर आले. हार्वर्ड १६३६ साली स्थापन झाले. पन्नास कुटुंबांच्या गावाने शिक्षक नेमावा, असा कायदा १६४७ साली झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या छापखान्यात १६४० साली छापलेले स्तोत्रांचे पद्य भाषांतर हे वसाहतींतले छापून आजवर टिकलेले पहिले पुस्तक. त्याच्या सुमारे १,७०० प्रती निघाल्या. आज ११ उरल्या आहेत.

ॲन ब्रॅडस्ट्रीट (१६१२–७२) या काळातील पहिल्या महत्त्वाच्या कवयित्री. त्या आठ मुलांच्या आई होत्या. त्यांच्या मेहुण्याने कवितांचे हस्तलिखित त्यांना न सांगताच लंडनला नेले आणि १६५० साली ते छापले गेले. त्यावर त्यांनी आपल्या पुस्तकालाच उद्देशून एक कविता लिहिली. फाटक्या कपड्यांत चारचौघांत नेलेले लेकरू घरी परत आले आहे. आई त्याचे तोंड धुते, तर एक डाग पुसताना दुसरा उमटतो. पाय ताणून सारखे करू जाते, तरी ते लंगडतच चालते. इंग्रजीत ‘पाय’ या शब्दाला छंदातल्या गणाचाही अर्थ आहे. मराठी वाचकाला आपला ‘चरण’ लगेच आठवेल आणि तो श्लेष भाषांतरावाचून कळेल. धर्मग्रंथांच्या दडपणाखाली लिहिणाऱ्या त्या समाजात इतका घरगुती, इतका जिवंत आवाज उमटला, ही मोठीच गोष्ट आहे.

अठराव्या शतकात लॉकचे तत्त्वज्ञान आणि न्यूटनचे विज्ञान वसाहतींत पोचले. धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनी दोन्ही अभ्यासले, तरी १७४१च्या त्यांच्या प्रसिद्ध प्रवचनात माणूस आगीवर धरलेल्या कोळ्यासारखा देवाच्या हातात लोंबकळतो. बेंजामिन फ्रँकलिन वाढले बॉस्टनच्या प्युरिटन घरातच, पण त्यांनी जुन्या सवयीतून देवाचा धाक काढून घेतला. त्यांनी एक छोटी वही आखली: आठवड्याच्या सात वारांचे सात रकाने, आडव्या ओळींत मितभाषण, काटकसर, नम्रता असे तेरा सद्गुण. चूक झाली की त्या चौकटीत काळा ठिपका. दर आठवड्याला एका गुणावर विशेष लक्ष. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. आजोबांच्या पिढीने मोक्षाच्या खुणांसाठी ठेवलेली वही नातवाने स्वभाव सुधारण्यासाठी वापरली. फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्रातला हा भाग एडवर्ड्स यांच्या प्रवचनाशेजारी ठेवून वाचला की त्या शतकातला सारा पालट डोळ्यांपुढे उभा राहतो.

१७७६च्या जानेवारीत टॉमस पेन यांची स्वातंत्र्याची मागणी करणारी पुस्तिका फिलाडेल्फियात निघाली, जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला. जाहीरनाम्यातील नैसर्गिक हक्कांची कल्पना लॉकच्या विचारांवर उभी आहे. पेन यांचा ‘राइट्स ऑफ मॅन’ (१७९१–९२) हा पुढचा ग्रंथ जोतीराव फुले यांनी तरुणपणी वाचला आणि त्यांच्या विचारांवर त्याचा खोल ठसा उमटला. १८७३ साली ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती गुलामीच्या उच्चाटनासाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना.

ती गुलामी या साहित्याच्या आरंभापासून सोबत होती. फिलिस व्हीटली १७६१ साली सात-आठ वर्षांच्या वयात पश्चिम आफ्रिकेतून बॉस्टनला विकायला आणल्या गेल्या. ‘फिलिस’ हे नाव त्यांना ज्या जहाजातून आणले त्या जहाजाचे. त्यांचा कवितासंग्रह १७७३ साली लंडनमध्ये छापला गेला. या कविता याच मुलीने लिहिल्या आहेत, अशी बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांची सह्यांनिशी ग्वाही त्यात छापावी लागली. त्यानंतर लवकरच त्या गुलामीतून मुक्त झाल्या. दुसऱ्या संग्रहासाठी त्यांनी १७७९ साली वर्गणीदार मागितले, पण पुरेसे मिळाले नाहीत. १७८४ साली गरिबीत त्यांचा मृत्यू झाला आणि ते हस्तलिखित पुढे सापडलेच नाही.