ब्राह्मी कुठल्या पाण्यातली?

खोबरेल तेलात ब्राह्मीचा रस घालून मंद आचेवर कढवत ठेवला की बराच वेळ चुरचुर ऐकू येते. ती थांबली, म्हणजे रसातलं पाणी आटलं, तेल झालं. ही घरगुती खूण अगदी बरोबर आहे. पण त्या रसात पाण्यासोबत आणखी काही आलं असेल, तर ते आटत नाही.

मुळात ब्राह्मी कोणती? आपल्याकडे दोन वनस्पतींना हे नाव आहे. एक कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी. तिचं पान गोलसर, कातरलेल्या कडांचं. दुसरी जलब्राह्मी, पानं बारकी, मांसल, समोरासमोर, फुलं पांढरट-जांभळी. स्मरणशक्तीसाठी जिच्यातल्या बॅकोसाइड द्रव्यांचा अभ्यास झाला, ती ही दुसरी. ओढ्याकाठी, दलदलीत ती पसरते, आणि सांडपाण्याच्या नाल्याकाठीही.

मेख इथेच आहे. पाणवनस्पती पाणी स्वच्छ करतात, ते खरंच. अनेकींच्या खोडातल्या पोकळ्यांतून हवा मुळांशी पोचते आणि तिथले जिवाणू घाण कुजवतात. शिसं, कॅडमियम हे विषारी धातू मात्र कुजत नाहीत. वनस्पती ते शोषते, गंधकयुक्त छोट्या रेणूंनी जखडते आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडून ठेवते. जलब्राह्मी यात तरबेज आहे. म्हणून दूषित पाण्यातली जुडीही हिरवीगार, टवटवीत दिसू शकते.

'उकळलं की झालं' हा भरवसा जंतूंपुरता ठीक आहे. तळ्यातला कच्चा शिंगाडा दातांनी सोलला, तर सालीला चिकटलेली चपट्या कृमीची पिल्लं पोटात जाऊ शकतात. नीट उकडल्यावर ती मरतात. शिसं उकळून नाहीसं होत नाही. काढा आटवला, तर पानांतून उतरलेलं शिसं कमी पाण्यात तेवढंच उरतं.

आयुर्वेदिक औषधांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 10 भाग, कॅडमियमची 0.3 भाग. मंडईतली जुडी कोण तपासतो? शिसं सर्वांत जास्त घात करतं ते वाढत्या मेंदूचा, आणि ब्राह्मी आपण देतो ती मुलांची बुद्धी वाढावी म्हणून! मला हे फार अस्वस्थ करतं.

विकणाऱ्याला 'ताजी आहे का' याआधी 'कुठून आणली' हे विचारा. त्याहून सोपं म्हणजे खात्रीच्या रोपवाटिकेतून एक फांदी आणा. चांगल्या मातीच्या पसरट कुंडीत ती आडवी दाबा, माती नळाच्या पाण्याने सतत ओली ठेवा. पेरापेराला मुळं फुटतात.