वीज वाहणारं आणि मातीत मिसळणारं कापड

लुगड्याची गोधडी, गोधडीचं पोतेरं आणि पोतेऱ्याचा शेवट उकिरड्यावर. खानदेशात सुती कापड असंच संपत आलं. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि ते फस्त करणाऱ्या बुरशी-जिवाणूंना काळ्या मातीत तोटा नाही. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या आपल्याकडे वळल्या. खानदेशात कापसाचा पेरा वाढला. पुढे जिनिंग-प्रेसिंग आलं, अमळनेरला प्रताप मिल आली. कापड कुजेल की नाही, हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

ती वेळ आधी पॉलिस्टरने आणली, मग विजेने. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये सुंदरेसन जयरामन यांच्या गटाने सैनिकांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणारा सदरा विणला. २००७ मध्ये लिलीपॅड आर्डुइनो हे कापडावर शिवता येणारं छोटं सर्किट-बोर्ड आलं आणि सर्किट शिवणं हौशी लोकांच्याही हातात आलं. दोरा मात्र बरेचदा चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा! असा कपडा टाकायचा कुठे? भंगारवाला त्यातली चांदी उसवत बसणार नाही, आणि चिंध्या घेणाऱ्याला सेन्सर नको.

पर्यायाची तयारी प्रयोगशाळांत आधीपासून चालू होती. हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये वीज वाहणारा पॉलिमर, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचा पदार्थ, दाखवला. २००४ मध्ये ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ, वीज वाहणारा थर, सुटं करता आलं. २०१२ मध्ये जॉन रॉजर्स यांच्या गटाने रेशमाच्या पापुद्र्यावर पाण्यात विरघळणारं सर्किट बसवलं. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन आणि ब्रिस्टलच्या संशोधकांचा २०२४ मधला प्रयोग. त्यांनी लाकडाच्या लगद्यापासूनच्या टेन्सेल कापडावर इंकजेटने ग्राफीन छापलं, त्यावर हृदयाचे ठोके मोजले आणि तसलंच कापड मातीत पुरलं. चार महिन्यांत वजन ४८ टक्के घटलं, ताकद ९८ टक्के.

टेन्सेलला लाकूड लागतं. रावेर-यावलकडे केळी आहे. घड उतरला की त्या खोडाचं काम संपतं, पण त्यातून चिवट धागा निघतो. कापसाची पऱ्हाटी चुलीत जाते. तिचाही कोळसा करून वीजवाहक शाईसाठी कार्बन मिळवता येतो. अर्थात धाग्याची बाजू त्यातल्या त्यात सोपी. चिप आणि बॅटरी कुजत नाहीत. म्हणून काही रचनांत ती टिचबटणाने लावतात: कपडा धुण्याआधी काढायची, फेकण्याआधीही.