सहाच फाइली उघड्या, तरी म्हणे ‘खूप फाइली उघड्या आहेत’

बरेच महिने अपडेट न केलेलं एक लिनक्स मशीन होतं. त्यावर मी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम चालायचा. त्याचं काम साधं होतं: आलेल्या नोंदी वेगवेगळ्या फाइलींत लिहून ठेवायच्या. एका संध्याकाळी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५.८ वरून ५.१५ वर गेलं, मशीन रीस्टार्ट झालं आणि प्रोग्राम सुरू होता होताच बंद पडला. स्क्रीनवर एकच ओळ होती: फाइलींची नोंदणी अयशस्वी, टू मेनी ओपन फाइल्स.

म्हणजे खूप फाइली उघड्या आहेत. पण किती उघड्या होत्या? लिनक्समध्ये प्रत्येक चालू प्रोग्रामची ‘प्रॉक’ नावाच्या डिरेक्टरीत स्वतःची खोली असते, आणि त्याने उघडलेली प्रत्येक फाइल तिथे क्रमांकासह दिसते. मी प्रोग्राम त्या ओळीच्या अगदी आधी थांबवला आणि मोजलं. शून्य, एक आणि दोन हे क्रमांक सगळ्याच प्रोग्रामना सुरुवातीपासून मिळतात. वाचायला, लिहायला आणि चुका सांगायला. चौथी नोंदींची फाइल, पाचवी सेटिंगची, आणि सहावी ती रिंग, जिच्यामुळे हा लेख लिहिते आहे. एकूण सहा.

आता ही रिंग काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं.

प्रोग्रामला डिस्कवरून काही वाचायचं असेल तर तो स्वतः डिस्कला हात लावू शकत नाही. कर्नलला सांगावं लागतं. त्या सांगण्याला सिस्टिम कॉल म्हणतात, आणि प्रत्येक कॉलला प्रोग्रामच्या जगातून कर्नलच्या जगात जाऊन परत यावं लागतं. एकदा जाण्याचा खर्च नगण्य आहे, पण सेकंदाला लाखो वेळा जायचं असेल तर तो डोंगराएवढा होतो. त्यात जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले. त्यांच्यापासून बचावासाठी या सीमेवर जास्तीचे पहारे बसले आणि फेरी आणखी महागली.

मे २०१९ मध्ये आलेल्या लिनक्स ५.१ मध्ये येन्स आक्सबो यांनी यावर एक सुंदर तोडगा आणला, त्याचं नाव ‘आयओ युरिंग’. प्रोग्राम आणि कर्नल यांच्यात दोन गोलाकार रांगा ठेवायच्या. दोघांनाही दिसतील अशा, सामाईक मेमरीत. हीच ती रिंग. एका रांगेत प्रोग्राम आपल्या मागण्या टाकत जातो, दुसऱ्या रांगेत कर्नल झालेल्या कामांचे निकाल ठेवतं. दर मागणीसाठी सीमा ओलांडायची गरज उरत नाही.

पण एक खर्च तरीही राहतोच. ‘पाच नंबरच्या फाइलीतून वाच’ अशी मागणी आली की कर्नल प्रोग्रामचा तक्ता उघडतं, पाच नंबर म्हणजे नेमकी कोणती फाइल ते शोधतं, काम चालू असताना ती फाइल कुणी मोडीत काढू नये म्हणून तिच्या वापराचा आकडा एकाने वाढवतं आणि काम संपलं की कमी करतं. एकाच वेळी प्रोग्रामचे अनेक धागे (थ्रेड) चालत असले की हे वाढवणं-कमी करणं चांगलंच जाणवतं.

म्हणून नोंदणी. खानावळीत रोज कूपन फाडून जेवणारा गडी आणि महिन्याचा मेंबर यांत जो फरक, तोच इथे. मेंबरचं नाव वहीत एकदा लिहिलं की तो फक्त ‘सतरा नंबर’ म्हणतो आणि ताट येतं. फाइलींचंही तसंच: प्रोग्राम सुरुवातीलाच आपल्या फाइली रिंगच्या वहीत नोंदवतो, कर्नल प्रत्येकीचा आकडा एकदाच वाढवून ठेवतं, आणि पुढच्या प्रत्येक मागणीत वहीतला ओळ क्रमांक सांगितला की भागतं.

या वहीत रिकाम्या ओळीही ठेवता येतात. फाइलीच्या जागी उणे एक लिहायचं, म्हणजे ‘ही ओळ पुढे कुणासाठी तरी राखून’. माझ्या प्रोग्राममध्ये मी नेमकं हेच केलं होतं: २०४८ ओळींची वही, बहुतेक सगळ्या रिकाम्या. पुढेमागे लागतील म्हणून. हा आकडा मी कुठल्याही हिशेबाने ठरवला नव्हता, आणि तीन वर्षं त्याकडे पुन्हा पाहिलंही नव्हतं.

अशा वेळी पहिला मोह होतो तो एकदम चार गोष्टी बदलून पाहण्याचा. तो आवरावा. मी मशीन परत सुरू करून ग्रबच्या, म्हणजे सुरू होताना कोणतं कर्नल चालवायचं ते विचारणाऱ्या, मेनूतून जुनं कर्नल निवडलं. तोच प्रोग्राम, तीच डिस्क, तीच सेटिंग. फक्त कर्नल ५.८. प्रोग्राम मुकाट्याने चालला. म्हणजे गुन्हा कुठे घडतो ते नक्की झालं, पण का घडतो ते अजून नाही.

मग स्ट्रेस. हे साधन प्रोग्राम आणि कर्नल यांच्यातलं संभाषण शब्दशः कागदावर उतरवतं. प्रोग्रामने छापलेला संदेश म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याने केलेला अर्थ असतो, स्ट्रेसमध्ये मात्र मूळ सवाल-जवाब दिसतात. मला दिसलेली ओळ मराठीत सांगायची तर अशी: रिंग क्रमांक ५, फाइली नोंदवा, यादी सोबत, यादीत २०४८ नग. उत्तर: उणे एक, ईएमफाइल. ईएमफाइल म्हणजे एरर क्रमांक २४. त्याचा भाऊ क्रमांक २३, ईएनफाइल, अख्ख्या मशीनच्या फाइली संपल्या की येतो. २४ येतो तो एकट्या प्रोग्रामची मर्यादा संपली की. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. नोंदणीत इतरही उत्तरं येऊ शकतात: यादीतली एखादी फाइल आधीच बंद झालेली असेल तर ९, त्या रिंगमध्ये आधीच एक वही असेल तर १६. मला २४ आला होता, त्यामुळे या वाटा मी तिथेच सोडल्या.

दोन फाइली बंद करून पाहिल्या. काहीच फरक नाही. मग उलटं केलं: उघड्या फाइलींना हात न लावता वहीच्या ओळी कमी केल्या. १००० ओळी, चाललं. १५०० ओळी, एरर. १२५० वर एरर, ११०० वर एरर, १०५० वर एरर. १०२४ वर चाललं. १०२५ वर पुन्हा तीच ओळ.

त्या क्षणी अंगावर काटा आला म्हटलं तरी चालेल. १०२४ हा आकडा लिनक्सवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. एका प्रोग्रामने एका वेळी किती फाइली उघड्या ठेवाव्यात याची जी मर्यादा असते, तिचा नेहमीचा आकडा तोच. प्रॉकमधल्या मर्यादांच्या यादीत तो असा दिसतो: कमाल उघड्या फाइली, १०२४, ५२४२८८. पहिला आकडा सौम्य मर्यादा. प्रोग्राम ती स्वतः वाढवू शकतो. दुसरा कठोर, तो ओलांडायला विशेष अधिकार लागतो.

म्हणजे नव्या कर्नलने माझ्या उघड्या फाइली मोजल्याच नव्हत्या. त्याने वहीच्या ओळी मोजल्या होत्या, रिकाम्या धरून, आणि १०२४ शी ताडून पाहिल्या होत्या. संदेशातले शब्द मात्र जुनेच. ईएमफाइलचा अर्थ म्हणून एक वाक्य ठरलेलं आहे, ते पन्नास ठिकाणी वापरलं जातं, आणि इथे ते शब्दशः खरं नव्हतं.

ही तुलना आली कुठून, ते कर्नलच्या इतिहासात सापडतं. ऑगस्ट २०२१ मध्ये आयओ युरिंगवर काम करणारे पावेल बेगुन्कोव्ह यांनी नोंदणीच्या कोडमध्ये हीच तपासणी घातली: मागितलेल्या ओळी फाइलींच्या मर्यादेपेक्षा जास्त असतील तर ईएमफाइल परत द्या. बदल अवघ्या दोन ओळींचा. तो ५.१५ मध्ये आला आणि आधीच्या स्थिर आवृत्त्यांतही मागे नेऊन बसवला गेला. म्हणूनच हा दोष शोधताना केवळ मोठा आवृत्ती क्रमांक पाहून चालत नाही. ५.१० च्या दोन मशीनपैकी एक चालतं आणि दुसरं अडतं, कारण शेवटच्या टिंबानंतरचा आकडा वेगळा असतो. तो पूर्ण आकडा ‘यूनेम’ या आज्ञेने कळतो आणि तक्रार लिहिताना तो सगळ्यात आधी द्यावा.

ही तपासणी हवीच होती का? लिनक्सच्या जगात एक नियम लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी पोटतिडकीने जपला आहे: चालणारा प्रोग्राम कर्नल बदलल्यामुळे मोडता कामा नये. इथे तर माझा प्रोग्राम मोडला. तरी मला हा बदल योग्यच वाटतो, कारण त्याआधी एक मोठी फट उघडी होती. फाइल उघडायची, वहीत नोंदवायची आणि आपल्या बाजूने बंद करायची. प्रोग्रामच्या तक्त्यात जागा रिकामी होते, पण वहीतल्या नोंदीमुळे कर्नलमध्ये फाइल जिवंतच राहते. मग पुढची उघडायची, नोंदवायची, बंद करायची. १०२४ ची मर्यादा असलेला माणूस अशा रीतीने हजारो फाइली धरून बसू शकत होता, आणि त्या सगळ्यांची मेमरी कर्नलच्या खात्यातून जात होती. एकाच मशीनवर अनेकांचे प्रोग्राम चालतात तिथे ही गंभीर गोष्ट आहे. मर्यादा पहिल्या दिवसापासून असती तर कुणाचंच काही मोडलं नसतं. ती अडीच वर्षं नव्हती आणि तेवढ्यात माझ्यासारख्यांनी तिच्या नसण्यावर घर बांधलं.

या दोषाची आणखी एक गंमत म्हणजे तो माणसागणिक वेगळा वागतो. मी कर्नलशी थेट बोलणारा कोड लिहिला होता. माझ्या एका सहकाऱ्याचा जवळजवळ तसाच प्रोग्राम त्याच मशीनवर बिनतक्रार चालत होता, कारण तो लायबयुरिंग ही तयार लायब्ररी वापरत होता. तिच्या नव्या आवृत्त्या ईएमफाइल आला की गुपचूप सौम्य मर्यादा वाढवतात आणि नोंदणी पुन्हा करून पाहतात. त्याला अडचण कधी कळलीच नाही. तोच प्रोग्राम कठोर मर्यादाही लहान असलेल्या कंटेनरमध्ये (मशीनच्या आतल्या वेगळ्या, बंदिस्त जागेत) टाकला असता तर तिथे तोही अडला असता. आपल्या टर्मिनलमध्ये चालतो आणि सर्व्हिस म्हणून चालवला की पडतो, यामागेही बहुतेक वेळा हेच असतं: दोन्हीकडच्या मर्यादा वेगळ्या असतात. म्हणून मर्यादा पाहायची ती अडलेल्या प्रोग्रामच्या प्रॉकमध्ये. आपल्या टर्मिनलमध्ये मर्यादा दाखवणारी ‘यूलिमिट’ ही आज्ञा चालवून मिळालेला आकडा आपल्या टर्मिनलचा असतो.

उपाय सोपा आहे, पण सरसकट नाही. अख्ख्या मशीनची सौम्य मर्यादा लाखांवर नेऊन मोकळं व्हावं असं वाटतं. तसं करू नये, आणि त्याचं कारण १०२४ च्या जन्माशी जोडलेलं आहे. ‘सिलेक्ट’ नावाचा जुना कॉल कोणत्या फाइलींवर लक्ष ठेवायचं ते १०२४ बिटांच्या, म्हणजे १२८ बाइटच्या पट्टीवर खुणा करून ठरवतो. फाइलीचा क्रमांक १०२३ च्या पुढे गेला की खूण पट्टीबाहेर पडते आणि शेजारची मेमरी बिघडते. असे प्रोग्राम आजही आहेत. शिवाय काही जुने प्रोग्राम सुरू होताना मर्यादेपर्यंतचे सगळे क्रमांक एकेक करून बंद करत जातात; मर्यादा अब्जावर असेल तर ते तिथेच मिनिटंच्या मिनिटं अडकतात. म्हणून ज्याला गरज आहे त्या प्रोग्रामने स्वतःची सौम्य मर्यादा स्वतः वाढवावी, किंवा सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलीत तेवढ्याच सर्व्हिससाठी ती लिहावी.

मी दोन्ही गोष्टी केल्या: मर्यादा ४०९६ केली आणि वही २०४८ वरून २५६ ओळींवर आणली. एवढ्या महिन्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा एका वेळी साठहून जास्त फाइली कधी लागल्याच नव्हत्या असं दिसलं. आणि एरर छापणारी ओळ बदलली. आता नोंदणी फसली तर कर्नलच्या त्या ठरावीक वाक्यासोबत दोन आकडे छापले जातात: वहीच्या ओळी किती मागितल्या आणि त्या क्षणी मर्यादा किती होती.