लीग ऑफ नेशन्स अमेरिकेत नक्की कोणी पाडली?

'पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेचे अध्यक्ष विल्सननी जगासाठी लीग ऑफ नेशन्स, म्हणजे देशांची शांतता संघटना, आणली आणि रिपब्लिकन सिनेटर्सनी जगाशी संबंधच नको म्हणून ती पाडली', हे आपण शाळेपासून ऐकतोय, पण हे अर्धंच खरंय.

लीग व्हर्सायच्या शांतता कराराचा भाग होती, आणि करार मंजूर व्हायला सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहात, दोन तृतीयांश मतं लागतात. करार कुठल्याच रूपात नको म्हणणारे लोक होते, पण थोडेच. सिनेटमधले रिपब्लिकन नेते हेन्री कॅबट लॉज आणि बहुतेक रिपब्लिकन अटी घालून मंजूर करायला तयार होते. मुख्य भांडण कलम १० वरून, म्हणजे सदस्य देशांनी एकमेकांचं रक्षण करायच्या कलमावरून; रिपब्लिकनांची अट अशी की दुसऱ्या देशाच्या रक्षणासाठी सैन्य पाठवायचं तर आधी अमेरिकन काँग्रेसची (संसदेची) परवानगी हवी, आणि मला तरी ही मागणी अजिबात अवास्तव वाटत नाही.

विल्सन अडून बसले. १९१८ च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे गेली होती तरी शांतता परिषदेसाठी पॅरिसला जाताना त्यांनी एकही सिनेटर सोबत नेला नाही, मग ऑक्टोबर १९१९ मध्ये पक्षाघात झाला, आणि तरीही आपल्या डेमोक्रॅट्सना त्यांचा निरोप एकच, अटींसकट आला तर विरोधात मत द्या.

१९ मार्च १९२० ला अटींसह करारावर बाजूने ४९, विरोधात ३५. फक्त ७ मतं कमी पडली! त्या ३५ मध्ये २३ जण विल्सनच्याच पक्षाचे होते. लॉज यांचा विल्सनवर राग होता, त्यांनी राजकारणही भरपूर केलं, ते मान्यच, पण या २३ मतांचा हिशोब त्यांच्या नावावर कसा टाकणार?