शोधयंत्र अनुकूलन

गूगलसारख्या शोधयंत्राच्या बिनपैशाच्या निकालांत एखाद्या संकेतस्थळाची पाने योग्य त्या शोधाला वरच्या क्रमांकावर दिसावीत, यासाठी स्थळाची रचना, मजकूर आणि बाहेरून येणारे दुवे यांत केलेल्या सुधारणांना शोधयंत्र अनुकूलन म्हणतात. व्यवहारात ‘एसईओ’ (सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन) हेच नाव चालते. ‘ऑप्टिमायझेशन’ला ‘इष्टतमीकरण’ असा पारिभाषिक प्रतिशब्द आहे. परंतु क्रमवारीची सूत्रे शोधयंत्राच्या हाती असल्याने इष्टतम स्थिती कोणती हे बाहेरच्या माणसाला ठरवता येत नाही, म्हणून येथे ‘अनुकूलन’ हा शब्द घेतला आहे.

संज्ञेचा उगम : प्रथा संज्ञेहून जुनी आहे. पानाचा सगळा मजकूर शोधणारी वेबक्रॉलर (१९९४) आणि अल्टाव्हिस्टा (१९९५) यांसारखी यंत्रे आली, तेव्हापासूनच एकच शब्द पानभर लिहून व तो पार्श्वभूमीच्या रंगात दडवून वर येण्याचे प्रयोग होऊ लागले. संज्ञा कोणी घडवली याबद्दल मात्र एकमत नाही. एका कथनानुसार १९९५ च्या सुमारास जेफरसन स्टारशिप या अमेरिकन बँडचे संकेतस्थळ शोधात मागे पडत असल्याची तक्रार झाली आणि ती निस्तरताना बॉब हेमन व लीलंड हार्डन यांना ही कल्पना सुचली. हे कथन संबंधितांच्या आठवणींवर बेतलेले आहे. लेखी पुराव्यांत जुलै १९९७ मधला यूजनेट या इंटरनेटवरील जुन्या चर्चामंचावरचा एक जाहिरातवजा संदेश आणि जॉन ऑडेट यांच्या मल्टिमीडिया मार्केटिंग ग्रुप या कंपनीचे ऑगस्ट १९९७ मधले वेबपान यांचा उल्लेख केला जातो. शोधयंत्रांविषयी १९९६ पासून लिहिणारे (आणि २०१७ मध्ये स्वतःच गूगलमध्ये गेलेले) डॅनी सलिव्हन यांनी संज्ञा रुळवणाऱ्यांत या क्षेत्रातील व्यावसायिक ब्रूस क्ले यांना आघाडीचे स्थान दिले आहे. ती १९९७ च्या आसपास प्रचारात आली असावी, हे त्यांचे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. एकाच सुमारास ती अनेकांना सुचली असणेही शक्य आहे. २००७ मध्ये अमेरिकेत ‘एसईओ’ या अक्षरांवर व्यापारचिन्हाचा हक्क सांगणारा अर्ज झाला, पण व्यवसायातूनच विरोध झाल्याने तो निष्फळ ठरला.

दुव्यांचे गणित : पानावर काय लिहिले आहे यावरच विसंबणारी क्रमवारी फसवणे सोपे होते. लॅरी पेज व सर्जी ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केलेल्या पेजरँक पद्धतीत इतर पानांनी दिलेले दुवे मतांसारखे मोजले जातात. प्रत्येक पान आपले मूल्य बाहेर जाणाऱ्या दुव्यांत समान वाटते, आणि दुवे चाळणारा वाचक मध्येच कंटाळून भलत्याच पानावर जाईल हे गृहीत धरून त्या वाटपाला ०.८५ च्या आसपासच्या अवमंदन गुणकाने गुणले जाते. १९९८ च्या मूळ निबंधात सर्व पानांच्या मूल्यांची बेरीज एक येते असे म्हटले आहे; पण तेथे छापलेल्या सूत्राने ती पानांच्या संख्येइतकी येते. सूत्रातील पहिले पद (एक वजा अवमंदन गुणक) एकूण पानांच्या संख्येने भागले की विसंगती मिटते. नंतरच्या पाठ्यपुस्तकी मांडणीत तसेच करतात. कल्पनेच्या अग्रक्रमाबाबतही मतभेद आहेत. पिन्स्की व नॅरिन या संशोधकांनी १९७६ मध्ये नियतकालिकांच्या परस्पर उल्लेखांना याच धर्तीवर वजन दिले होते आणि रॉबिन ली यांची दुव्यांवर आधारलेली रँकडेक्स प्रणाली १९९६ ची आहे. पेजरँकचे पेटंट २००१ मध्ये मंजूर झाले. ते स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावे होते. गूगलने टूलबारवर प्रत्येक पानाचा ० ते १० असा आकडा दाखवायला सुरुवात केल्यावर दुव्यांचा बाजारच भरला. तो आकडा २०१६ मध्ये बंद झाला, बाजार नाही.

कार्यपद्धती : क्रमांकाच्या आधी पान शोधयंत्राच्या निर्देशांकात (त्याने नोंदवून ठेवलेल्या पानांच्या साठ्यात) शिरावे लागते. अनेक तक्रारींचे मूळ याच टप्प्यावर सापडते, म्हणून तपासणीची सुरुवात सर्च कन्सोल या स्थळमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातील पत्ता-तपासणीने करावी. रोबॉट्स फाइल ही मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवलेली व २०२२ मध्ये औपचारिक इंटरनेट मानक-दस्तऐवजात आलेली सूचनापद्धती आहे. ती बॉटला (शोधयंत्रासाठी पाने आणणाऱ्या स्वयंचलित प्रणालीला) पान आणण्यापासून रोखते, निर्देशांकातून काढत नाही. पान निकालांतून काढायचे असेल तर त्यावर ‘नोइंडेक्स’ खूण हवी. दोन्ही एकाच वेळी लावणे ही नेहमीची चूक होय. रोबॉट्स फाइलने वाट अडवल्यावर बॉटला ती खूण दिसतच नाही, आणि बाहेरून दुवे असल्यास पानाचा नुसता पत्ता निकालांत रेंगाळतो. याच्या उलट, चाचणीच्या काळात लावलेली नोइंडेक्स खूण काढायची राहून गेली की नवे स्थळ महिनोन्‌महिने अदृश्य राहते.

साइटमॅपच्या (स्थळावरील पानांच्या पत्त्यांची शोधयंत्रासाठी दिलेल्या यादीच्या) एका फाइलीत कमाल ५०,००० पत्ते किंवा असंपीडित ५० एमबी एवढी माहिती मावते. त्यातील ‘प्राधान्य’ व ‘बदलाची वारंवारता’ ही क्षेत्रे गूगल वाचत नाही. शेवटच्या बदलाची तारीख ते वापरते, पण ती सातत्याने खरी असली तरच. रोज आपोआप आजची तारीख टाकणाऱ्या साइटमॅपचा उपयोग शून्य. एकच मजकूर अनेक पत्त्यांवर असल्यास कॅनॉनिकल खूण (२००९ पासून) मुख्य पत्ता सुचवते. साच्यातील चुकीमुळे सर्व पानांची कॅनॉनिकल खूण मुखपृष्ठाकडे वळली, तर आतील पाने निर्देशांकातून गळू शकतात. पत्ते बदलताना प्रत्येक जुन्या पानावरून त्याच्या नेमक्या नव्या पानाकडे ३०१ क्रमांकाचे (कायमस्वरूपी) पुनर्निर्देशन द्यावे आणि ते किमान वर्षभर ठेवावे. सगळी जुनी पाने मुखपृष्ठाकडे वळवली तर शोधयंत्र त्यांना ‘सापडत नाही’ याच वर्गात टाकते.

पानावर शीर्षक-टॅग वेगळा व नेमका हवा. कीवर्ड मेटा-टॅग (पानाच्या कोडमध्ये दिलेली शोधशब्दांची यादी) गूगल विचारात घेत नसल्याचे २००९ मध्येच जाहीर झाले आहे. तरी तो भरून देणारे व्यावसायिक अजून भेटतात. वेगाच्या कसोट्या तीन आहेत : मुख्य घटक २.५ सेकंदांत दिसणे, क्लिकला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद आणि मांडणीच्या हलण्याचा निर्देशांक ०.१ पर्यंत. त्या ७५ टक्के भेटींत साधाव्या लागतात. दुबळ्या मजकुराला केवळ वेगाने वर नेता येत नाही.

देवनागरीतील प्रश्न : युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामायिक संकेतपद्धती रुळण्यापूर्वीची अनेक मराठी स्थळे खासगी फाँटांत होती. त्या पानांवर वाचकाला मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग असे; असा साठा युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय मराठी शोधाला सापडत नाही. चित्र म्हणून चढवलेल्या मजकुराची गतही फारशी वेगळी नाही.

युनिकोडमध्येही एकच दिसणारा शब्द दोन प्रकारे साठवला जातो. ‘ॲप’मधील ‘ॲ’ला २००८ पासून स्वतंत्र संकेतांक आहे; त्याआधीच्या सवयीने तो ‘अ’वर चंद्र ठेवून, अनेकदा मध्ये शून्य-रुंदीचा जोडक (अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह) घालून लिहिला जातो. ‘दऱ्या’मधील अर्धा र ‘ऱ’ला हलन्त लावून किंवा ‘र’, हलन्त व जोडक अशा क्रमाने उमटतो. या जोड्या युनिकोडच्या प्रमाणित समानीकरणाने एकरूप होत नाहीत. शोधयंत्रे त्यांतील काही भेद मिटवतात, पण स्थळाचा स्वतःचा शोध, वर्गवारी आणि पानांचे पत्ते यांत ते उघडे पडतात व एकाच विषयाची दोन पाने तयार होतात. मजकूर साठवतानाच एक रूप ठरवून घेणे हा उपाय.

पत्त्यातील प्रत्येक देवनागरी संकेतांक यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतो आणि टक्केचिन्हांकित रूपात नऊ चिन्हे होतो. ‘मराठी’ या शब्दाची ४५ होतात. क्रमवारीत याने तोटा होत नाही. मात्र लांबीची मर्यादा असलेल्या प्रणालींत पत्ता मधेच तुटतो आणि दुवा मरतो. वेबफाँट हलका करताना देवनागरीचा १२८ संकेतांकांचा मुख्य गट तेवढा ठेवून जोडाक्षरांचे नियमतक्ते कापले गेले, तर ‘क्ष’, ‘त्र’ फुटतात. शून्य-रुंदीचे जोडक व विलगक गटाबाहेर आहेत, तेही ठेवावेत.

सामान्यरूपांचा प्रश्न आणखी निराळा. ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्याच्या’ असलेले पान जुळवण्यासाठी यंत्राला रूपविचार कळावा लागतो. तो पुरेसा कळेलच असे धरून न चालता शीर्षकात शब्दाचे मूळ रूप एकदा येईल अशी वाक्यरचना करणे हिताचे. हिंदी-मराठी आवृत्त्या असल्यास एचरेफलँग (दुसऱ्या भाषेतील आवृत्तीचा पत्ता सांगणाऱ्या) खुणा दोन्ही पानांनी परस्परांना द्याव्या लागतात. एकतर्फी खूण दुर्लक्षिली जाते.

गैरमार्ग : बीएमडब्ल्यूच्या जर्मन स्थळाला केवळ बॉटसाठी रचलेल्या प्रवेशपानांमुळे गूगलने फेब्रुवारी २००६ मध्ये निर्देशांकातून काढले होते. निकृष्ट मजकुराविरुद्ध पांडा (२०११) आणि कृत्रिम दुव्यांविरुद्ध पेंग्विन (२०१२) हे गूगलच्या क्रमवारीतले बदल आले. गूगलच्या मार्च २०२४ च्या धोरणांत घाऊक मजकूरनिर्मिती, मुदत संपलेल्या डोमेनचा गैरवापर आणि प्रतिष्ठित स्थळाच्या आडून परका मजकूर छापणे यांचा समावेश झाला. मानवी (गूगलच्या तपासनिसाने केलेली) कारवाई झाली असल्यास तिची सूचना सर्च कन्सोलमध्ये मिळते व दुरुस्तीनंतर पुनर्विचाराचा अर्ज करता येतो. स्वयंचलित घसरणीला अर्ज नसतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेची उत्तरे : निकालांच्या वर यंत्रनिर्मित सारांश देण्याची गूगलची सोय मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आली. त्यात उल्लेख मिळवण्याचे तंत्र सांगणाऱ्या दाव्यांना अजून पक्का आधार नाही. रोबॉट्स फाइलमधील ‘गूगल-एक्स्टेंडेड’ या नावाने गूगलच्या भाषाप्रारूपांना मजकूर नाकारता येतो, पण शोधातील सारांशांवर त्याचा परिणाम होत नाही. ते टाळायचे तर ‘नोस्निपेट’ खूण लावावी लागते, आणि तिने साध्या निकालाखालचा उताराही जातो.